मुलाखत चाललीया

बालवाडीच्या बाईची मुलाखत किती वेळ चालावी? अर्धा तास धरा, फार तर तास. माझी तीन वर्षं चालली. रोज संध्याकाळी घरात पाय टाकला की अम्मी विचारायची, "हुआ क्या इंटरव्यू?" आणि मी चपला काढता काढता सांगायची, "अभी चालूच है." शेजारणींना ती आमच्या घरातली थट्टा वाटायची. थट्टा नव्हती. बाईंनी मला 'तुला घेतली' असं कधी म्हटलंच नव्हतं. पहिल्या दिवशी 'उद्या ये' म्हणाल्या, आणि मग रोजच म्हणत राहिल्या.

विट्यात आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर त्यांची बालवाडी होती. शाळा संस्थेची, पण गावात कुणी संस्थेचं नाव घेत नसे. 'बाईंची शाळा' म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडायचा. बाई साठीच्या, उंच, काटक. पाचवारी साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजलेली मी तीन वर्षांत ऐकली नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "शिट्टी वाजवायची नसती गं. दिसली पायजे नुसती."

त्यांचं माहेर खंडाळ्याकडचं, मालक सुभेदार. निम्मं आयुष्य छावण्यांमधून गेलेलं, आणि तिथल्या शाळांत त्यांनी शिकवलेलंही. त्यामुळे बोलणं सगळं माहेरचं, पण मधेच लष्कर डोकवायचं. पोरांनी रांग केली की ती 'फॉलीन', डबा खायची वेळ म्हणजे 'लंगर'. इंग्रजी त्यांना फाडफाड यायचं. रोज सकाळी इंग्रजी पेपर वाचताना लाल पेनानं त्यातल्या चुका काढत बसायच्या. बोलायच्या मात्र फक्त दारात आलेल्या भटक्या कुत्र्यांशी. कुत्री इंग्रजीतच ऐकतात, असं त्यांचं छावणीतलं पक्कं मत होतं. पोरांसमोर इंग्रजीचा शब्द नाही. "त्यास्नी आदी रडायला तरी येऊ दे नीट आपल्या भाषंत," म्हणायच्या.

मी त्यांच्याकडे गेले ती इस्लामपूरला नाक कापून घेऊन.

आम्ही पिंजारी. अब्बांनी जन्मभर गाद्या भरल्या. त्या वर्षी त्यांच्या दम्यानं फार उचल खाल्ली आणि दुकान बंद करावं लागलं. "लोकांच्या गादीत भरून उरला तो कापूस माझ्या छातीत बसला," असं ते हसून सांगायचे आणि हसता हसता खोकायला लागायचे. पाठची दोघं शिकत होती. बालवाडीचा कोर्स केलेली मी थोरली. नोकरी मला मिळायलाच हवी होती, त्यात दुसरा विचार नव्हता.

इस्लामपूरच्या त्या इंग्रजी शाळेत गुबगुबीत खुर्ची, थंडगार खोली आणि समोर तीन माणसं. त्यातल्या मॅडमनी गोड हसून विचारलं, "व्हॉट इज युवर स्ट्रेंग्थ?"

आता मी कोर्सच्या वेळी सराव केला तो एका अंगणवाडीत. तिथं तपासणीला कुणी आलं की पहिला प्रश्न हाच. स्ट्रेंग्थ किती? म्हणजे पट किती, पोरं किती. मी ताठ बसले आणि ठणठणीत उत्तर दिलं, "थर्टी-टू, मॅडम. ऑन बाजार डे, ट्वेंटी."

मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला. एक साहेब उठून खिडकीकडे गेले, त्यांचे खांदे हलताना दिसत होते. मला वाटलं, बाजारच्या दिवसाची गोष्ट सांगायला नको होती. 'कळवू' असं म्हणाले. ते कळवणार नाहीत हे मला तिथंच कळलं. हसले का, ते मात्र कळलं नाही.

बाईंच्या शाळेत गेले तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. नाव नाही, गाव नाही. पहिला प्रश्न, "सेफ्टी पिन हाय का?"

मी ओढणीची काढून दिली. त्यांनी ती एका पोरीच्या फ्रॉकला लावली आणि मला आत नेलं. खुर्ची दिली नाही. मुलाखतीला आलेल्या कुणालाच त्या खुर्ची देत नसत. "खुर्चीवरनं पोरगं दिसत न्हाई, त्येची टाळू दिसती," हे त्यांचं म्हणणं. मी सतरंजीवर बसले आणि सर्टिफिकिटांची फाईल पुढं केली. नवी कोरी, निळी, प्लास्टिकची. बाईंनी ती हातावर तोलली, न उघडता वाकल्या आणि ऑफिसातल्या टेबलाच्या एका पायाखाली सरकवली. टेबल हलवून बघितलं.

"लय दिस डुगडुगत हुतं," म्हणाल्या. "बरी आलीस."

"आवं बाई, आन् मुलाखत?"

"चाललीया की. त्या तिथं जाऊन बस."

'त्या तिथं' म्हणजे कोपऱ्यातल्या बाकाजवळ. बाकाखाली चार वर्षांची एक पोरगी गुडघ्यात तोंड घालून बसली होती. विट्याची कितीतरी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. ही त्यातल्याच एका घरातली, कोईमतूरला वाढलेली, आठवड्यापूर्वी आजीकडे आलेली. घरातलं मराठी तिला किती कळत होतं अल्ला जाणे, तोंडातून येई ते सगळं तिकडचं. दोन दिवस ती बाकाखालून बाहेर आली नव्हती.

मी जाऊन बसले. गाणं म्हणावं का? खेळणं दाखवावं का? कोर्समध्ये शिकवलेलं एकही आठवेना. शेजारी एक जुनी गादी पडली होती, तिच्या फाटक्या कोपऱ्यातून कापसाची गाठ डोकावत होती. आमच्या घरात अशी गाठ दिसली की हात गप्प बसत नाही. मी ती ओढून काढली आणि बोटांनी पिंजायला लागले. एक गाठ झाली, दुसरी घेतली. कापूस फुलत गेला. मी कुणाकडे बघत नव्हते. खरं सांगायचं तर बघायची हिंमत नव्हती, नोकरी गेलीच असं धरून चालले होते.

बऱ्याच वेळानं बाकाखालून एक हात आला आणि त्यानं एक गाठ उचलली.

आम्ही दोघींनी मिळून निम्मा कोपरा पिंजला. तिच्या केसांत कापूस, माझ्या ओढणीवर कापूस. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तण्णी."

मला काय कळणार? पण बोलताना तिनं माठाकडे बघितलं होतं. मी उठले, पेला भरून आणून दिला. तिनं तो गटागटा संपवला आणि परत पुढं केला.

मागून बाईंचा आवाज आला. "तन्नी म्हंजे पानी व्हय?" त्या कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "आन् मी दोन दिस हिच्या आजीला सांगतीया, त्या तन्नीला एकदा घिऊन या वो शाळंत, पोरगी लय आठवन काढतीया तिची!"

मला हसू आलं, ते मी दाबलं. पण पुढं जे झालं त्यानं हसू आपोआपच पळालं. बाई सरळ भिंतीच्या कोपऱ्यात गेल्या, पोरांकडे तोंड करून उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माजी चूक झाली. पोरगी पानी मागत हुती, मला कळलं न्हाई. मोजा रं!"

सगळी पोरं ओरडून मोजायला लागली. एक, दोन, तीन... दहा झाल्यावर एका सुरात, "माफ!" बाईंनी कान सोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या ये."

हा त्यांच्या शाळेचा कायदा होता. पोरांना शिक्षा नाही. चूक झाली तर मोठ्या माणसानं कोपऱ्यात जायचं, कान धरायचे, काय चुकलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, आणि पोरांनी दहा मोजून माफ करायचं. आमच्या पोरांना दहापर्यंत आकडे आले ते बाईंच्या चुकांवर. मी रुजू झाले, म्हणजे मुलाखत देत राहिले, तेव्हापासून माझ्याही चुका जमेला आल्या. एकदा आठवडाभर कुणाचंच काही चुकलं नाही. पोरं कंटाळली म्हणून मी उगीच कान धरून कोपऱ्यात गेले आणि काहीतरी बनवून सांगितलं. बाईंनी हाताला धरून बाहेर काढलं. "लटकी चूक हितं चालत न्हाई. पोरास्नी लगीच कळतं."

इस्लामपूरची गोष्ट मी त्यांना पावसाळा संपता संपता सांगितली. लंगर चालू होता. 'बाजार डे'पर्यंत आले आणि बाई अशा हसल्या की ठसका लागून त्यांना भिंत धरावी लागली. मला राग आला. त्यांनी डोळे पुसले आणि स्ट्रेंग्थ म्हणजे तिथं काय विचारलं होतं ते नीट समजावलं. तुझं बळ कशात आहे, तुला काय चांगलं जमतं. मग म्हणाल्या, "पर तू चुकली न्हाईस गं. बालवाडीच्या बाईचं बळ म्हंजे पटच. पोरं न्हाईत तर आपन कोन? पांढरं बूट घातल्याली म्हातारी."

त्या दिवसापासून दर शनिवारी त्या मला पोरं गेल्यावर सतरंजीवर बसवून इंग्रजीतून प्रश्न विचारायला लागल्या. कुत्र्यांशी बोलायच्या तसल्याच करड्या आवाजात. मी अडखळले की पुन्हा. माझं बळ काय, हे मी त्यांना शंभरदा इंग्रजीतून सांगितलं असेल. कशासाठी हे, विचारलं की उत्तर ठरलेलं, "मुलाखत चाललीया न्हवं?"

त्या काही संतबिंत नव्हत्या. हट्टी होत्या, मेलं तरी ऐकायच्या नाहीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पोरांचे फोटो टाकायला त्यांनी साफ नकार दिला, आणि त्यावरून चार पालकांनी पोरं काढून नेली तरी मागे हटल्या नाहीत. एकदा मी रात्र जागून रंगीत तक्ते केले, तर एका पालकासमोर म्हणाल्या, "भित्तीस्नी साळा शिकवायचीया व्हय तुला?" मी मोरीत जाऊन रडले. मी वाट बघत होते, त्या चुकीसाठी बाई कोपऱ्यात जातील. गेल्या नाहीत. तक्ते मात्र दुसऱ्या दिवशी भिंतीवर होते, पोरांच्या उंचीवर, खाली, जिथं मी लावायचा विचारही केला नव्हता.

मला पगार मिळायचा, ऑर्डर मात्र नाही. अब्बांचा दमा आता घराला सवयीचा झाला होता आणि घर माझ्यावर चाललं होतं. अम्मीचा संध्याकाळचा प्रश्न सुरुवातीला गमतीचा होता, तिसऱ्या वर्षी त्यात काळजी यायला लागली. एकदा न राहवून मी बाईंना विचारलं, "मला कायम कवा करनार?" बाई पोराचं नाक पुसत होत्या. "कायम कोन असतंय गं?" म्हणाल्या, आणि दुसऱ्या पोराचं नाक धरलं.

मग एका मार्च महिन्यात संस्थेचं पत्र आलं. जूनपासून शाळा इंग्रजी माध्यमाची. आमच्या वर्गाला दोन बायांची गरज नाही, एकच राहील. दोघींनी मुलाखत द्यावी.

दोघींनी! मी पत्र पुन्हा एकदा वाचलं. शाळा त्यांची, गावाच्या तोंडी नाव त्यांचं, आणि त्यांनी माझ्याशेजारी बसून मुलाखत द्यायची. त्याहून वाईट म्हणजे, माझं काय होणार ते स्पष्ट होतं. त्यांच्यापुढं माझं इंग्रजी म्हणजे सूर्यापुढं काजवा. घरी मी सांगितलं नाही. अब्बांना कळलं असावं, कारण त्या रात्री ते विनाकारण म्हणाले, "तेरी बाई अच्छी है." मी म्हटलं, "अच्छी है, उसीच का तो रोना है."

बाईंनी मात्र पत्र घडी घालून ब्लाउजमध्ये खोचलं आणि पोरांना फॉलीन केलं.

मुलाखतीला सांगलीहून दोन साहेब आणि एक मॅडम आल्या. आमच्याच ऑफिसात, त्याच टेबलामागं तिघं बसली. वर्गात पोरं होती, त्यांच्याजवळ एका पोराच्या आईला बसवलं होतं. ऑफिसला दार नव्हतं, पडदा होता. बाईंना आधी बोलावलं. मी बाहेर बाकावर, ओढणीचा कोपरा पिळत. आतलं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं.

साहेबांनी इंग्रजीतून विचारलं, किती वर्षं शिकवता? बाई गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. बाई गप्पच. मला कळेना. मग मॅडमचा आवाज आला, थोडा मोठ्यानं, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसा. "व्हॉट इज युवर स्ट्रेंग्थ?"

"थर्टी-सेव्हन," बाई म्हणाल्या. "टुडे वन ॲबसेंट. ताप हाय त्येला."

आत हशा पिकला. मी बाकावरून उठून उभी राहिले.

साहेबांनी हसू आवरून मराठीत विचारलं, "बाई, इंग्रजी येतं ना तुम्हाला?"

"न्हाई साहेब. येस-नो येतंय. येवढंच."

पुढं दोन मिनिटांत संपलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग एकदम कपबश्या खणखणल्या. "अहो, अहो, चहा!" साहेब ओरडले. पडदा सरकला आणि बाई बाहेर आल्या. हातात माझी निळी फाईल होती. तीन वर्षांच्या धुळीनं निळी राहिली नव्हती, एका कोपऱ्यावर टेबलाच्या पायाचा गोल वळ उठला होता. त्यांनी ती पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"जा," म्हणाल्या. "आन् पट सांगू नगं आता. त्यो मी सांगितलाय."

"बाई, हे तुमी का..."

"जा म्हनलं न्हवं? उशीर करू नगं."

मी आत गेले. टेबल डुगडुगत होतं, मॅडम कागदांवरचा चहा टिपत होत्या. प्रश्न तोच आला. मी माझं बळ इंग्रजीतून सांगितलं. न बोलता पोराशेजारी पुष्कळ वेळ बसता येतं मला, हे माझं बळ. शनिवारच्या सतरंजीवर शंभरदा सांगितलेलं वाक्य, कुठंही अडखळले नाही. साहेबांनी मान डोलावली. फाईल उघडली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी सर्टिफिकिटं वाचली. "जूनपासून तुम्हीच," असं ते तिथंच म्हणाले. आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं बाहेर पळायचं होतं.

बाहेर बाई नव्हत्या. वर्गातून पोरांचा गलका येत होता. मी दारात जाऊन उभी राहिले.

बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. दोन्ही हातांनी कान धरलेले, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. पुढच्या रांगेतली ती कोईमतूरची पोरगी, आता सात वर्षांची आणि अस्सल विट्याची झालेली, धाकट्या भावाला सोडायला आलेली, विचारत होती, "बाई, काय चुकलं तुमचं?"

"आज म्या खोटं बोलले."

"कुनाला?"

"पावन्यास्नी."

"का वो?"

बाईंनी मला दारात बघितलं. हातातली फाईल बघितली. माझं तोंड बघून त्यांना काय ते कळलं असावं.

"मुलाखत संपवायची हुती एकीची," त्या म्हणाल्या. "लय दिस चालली हुती. मोजा रं!"

पोरं मोजायला लागली. मी तिथंच चौकटीला टेकून उभी होते. एक, दोन, तीन मला म्हणता आलं. पुढचं पोरांनीच म्हटलं.